कान गेला, बिल्ला गेला, पुढे काय? कत्तलखान्यात धडाची ओळख कशी टिकते

लाइनवरचा_पशुवैद्य (धागाकर्ता)

पशुआधारच्या, म्हणजे भारतात जनावराच्या कानात लावायच्या सरकारी ओळख क्रमांकाच्या, पिवळ्या बिल्ल्यावर इथे अधूनमधून चर्चा होते. लसीकरण, विमा, बाजारातली खरेदी-विक्री, सगळं येतं. जनावर कत्तलखान्याच्या आत गेल्यावर त्या बिल्ल्याचं काय होतं, हे मात्र कुणी विचारलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी ऑस्ट्रेलियात, निर्यात करणाऱ्या एका कत्तलखान्यात सरकारी पशुवैद्य आहे. मांस खाण्याजोगं आहे की नाही याचा निर्णय माझ्या सहीने होतो आणि तो निर्णय ज्या एका गोष्टीवर उभा असतो, तिच्यावर हा धागा आहे. ज्यांना हा विषय वाचवत नाही त्यांनी इथेच थांबावं. वर्णन गरजेपुरतंच केलं आहे.

इकडे ऑस्ट्रेलियात प्रत्येक गुराच्या कानात चिप असलेला बिल्ला असतो. जन्मलेल्या शेतावर लावला तर पांढरा, नंतर दुसऱ्या मालकाने लावला तर नारिंगी. त्यावरच्या क्रमांकाची पहिली ८ अक्षरं म्हणजे त्या शेताचा सांकेतांक. व्हिक्टोरिया राज्याने हे २००२ मध्ये सक्तीचं केलं आणि २००५ पासून ते देशभर लागू झालं. जनावर लाइनवर, म्हणजे कापणीच्या रांगेत, आलं की बिल्ला वाचला जातो आणि त्या दिवसाचा एक क्रमांक त्याला मिळतो. आम्ही त्याला 'बॉडी नंबर' म्हणतो. इथून पुढे बिल्ल्याचं काम संपलं, कारण कान मुंडक्याबरोबर जातो.

खरं अवघड काम इथे सुरू होतं. थोड्याच वेळात एका जनावराचे चार वाटे होतात. मुंडकं वेगळ्या साखळीवर, कातडं खाली कातड्यांच्या खोलीत, पोटातले अवयव एका सरकत्या ताटात आणि धड डोक्यावरच्या रुळावरून पुढे. पुढे करवतीने धडाच्याही दोन बाजू होतात. मुंडक्यापाशी एक तपासनीस, अवयवांपाशी दुसरा, धडापाशी तिसरा. समजा मुंडक्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला घशामागच्या लसिकाग्रंथीत क्षयाची शंका यावी अशी गाठ दिसली. त्या क्षणी त्याच जनावराचं धड आणि त्याचीच फुप्फुसं थांबवता आली पाहिजेत. शेजारची थांबवून उपयोग नाही. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत मुंडकं, अवयव आणि धड यांचा मेळ तुटू द्यायचा नाही, हा नियम जवळपास प्रत्येक देशात आहे. अमेरिकेच्या मांस तपासणीच्या नियमांत त्यासाठी स्वतंत्र कलम आहे.

मेळ तुटतो कुठे? लोकांना वाटतं चिठ्ठी गळून पडल्यामुळे. तसंही होतं. पण जास्त घातक प्रकार वेगळा आहे. एक धड संशयावरून बाजूच्या रुळावर घेतलं, मुंडक्यांची साखळी मात्र होती तशीच पुढे गेली. तिथून मागचं प्रत्येक धड एका क्रमांकाने सरकलं. चिठ्ठ्या सगळ्या जागेवर, आकडे स्वच्छ छापलेले आणि प्रत्येक आकडा चुकीचा. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून चांगल्या लाइनवर धड बाजूला घेतलं तर त्याच्या जागी मोकळा हुक तसाच पुढे जाऊ देतात, आणि ठरावीक अंतराने कुणीतरी दोन्ही साखळ्यांवरचे क्रमांक मोठ्याने वाचून ताळा करतो. एवढी यंत्रं असूनही हे काम अजून माणूसच करतो आणि मला त्यात काही मागासलेपण वाटत नाही.

शेतकऱ्याचाही यात थेट संबंध आहे. इथे बरीच गुरं धडाच्या वजनावर विकली जातात. जनावराचं वय दातांवरून ठरतं, दात मुंडक्यात असतात आणि भाव धडाला मिळतो. मेळ चुकला तर एकाच्या जनावराचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात.

माणदेशी_मेंढपाळ

डॉक्टर, वाचलं. तुमच्याकडं एका गुराची किंमत मोठी, चिप परवडते. आमच्याकडं मेंढरं आटपाडीच्या बाजारात व्यापाऱ्याला दिली की गाडीत चार गावची एकत्र होतात आणि मुंबईला जातात. पुढं काय झालं ते कधी कळत नाही आणि कळून काय करायचं तेही कळत नाही. बिल्ला मारताना पिलू ओरडतं, कान पिकतो, वर खर्च. आम्हाला यातून काय मिळणार ते सांगा.

लाइनवरचा_पशुवैद्य

दादा, तुमचाच प्रश्न खरा आहे.

मेंढी कापल्यावर काळजात (यकृतात) किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेले फुगे दिसतात, ते तुम्ही पाहिले असतील. त्याला हायडॅटिड म्हणतात. तो कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका बारीक पट्टकृमीचा प्रकार आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी चाऱ्यावर, चाऱ्यातून मेंढीच्या पोटात. मेंढीच्या काळजात फुगे होतात, ते काळीज कुणीतरी कुत्र्यापुढे टाकतं आणि चक्र पूर्ण होतं. मधेच ती अंडी माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्याच यकृतात फुगा धरतो आणि ऑपरेशन करावं लागतं. मेंढी मात्र वरून धडधाकट दिसते. हे फुगे बहुतेकदा कत्तलखान्यातच नजरेस पडतात.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर हा रोग घरोघर होता. त्यांनी कत्तलखान्यात फुगे दिसले की त्या मेंढ्या कुठल्या शेतावरून आल्या ते शोधायचं, त्या शेतावर निर्बंध घालायचे आणि कुत्र्यांना जंताचं औषध द्यायचं, असं वर्षानुवर्षं केलं. १९९६ मध्ये त्यांनी हा रोग हटल्याचं तात्पुरतं जाहीर केलं, न्यूझीलंडने २००२ मध्ये. तिथे मेंढीच्या कानात चिप नव्हती. कळप कुठला, एवढं कळत होतं आणि तेवढं पुरलं.

म्हणजे तुम्हाला मिळायला हवी ती ही माहिती: 'तुमच्या वाड्यातल्या (कळपातल्या) मेंढरांच्या काळजात फुगे निघाले, कुत्र्यांना प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध द्या.' तुमची घरची माणसं त्याच कुत्र्यांबरोबर राहतात. आज ही माहिती मुंबईत कचऱ्याच्या डब्यात पडते.

निवृत्त_पालिका_पशुवैद्य

धागाकर्त्याने तिकडचं लिहिलं, मी इकडचं लिहितो. नोकरी एका नगरपालिकेत झाली, गाव सांगत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असं कुणी समजू नये. २००१ च्या कत्तलखाना नियमांत लिहिलेलं आहे की पशुवैद्याने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत. कत्तलीआधीची तपासणी, नंतरची तपासणी, दोन्ही अन्नसुरक्षेच्या नियमांतही आहेत. पास झालेल्या धडावर शिक्का मारायचा, शाई खाण्याजोगी. तो जांभळा शिक्का सगळ्यांनी पाहिला आहे.

पण शिक्का काय सांगतो? 'कुणीतरी तपासलं' एवढंच. कुठलं जनावर, कुणाचं, हे तो सांगत नाही. सणाच्या आदल्या रात्री बोकड एकामागून एक उतरतात तेव्हा मुंड्या एका कोपऱ्यात, पाये दुसऱ्या कोपऱ्यात, वजडी तिसऱ्या पाटीत. मुंडी-पाया घेणारा माणूसच वेगळा असतो, तो केस जाळायला घेऊन जातो. मला एखाद्या काळजात काही सापडलं तर काळीज फेकून देता येत होतं. ते कुठल्या धडातलं, हे विचारलं की चार माणसं चार धडं दाखवायची. शेवटी संशयावरून एकापेक्षा जास्त धडं अडवली की भांडण, आणि न अडवली की रात्रभर झोप नाही.

बिल्ल्याआधी मला तिथे धडाबरोबर फिरणारी एक साधी चिठ्ठी हवी होती. धड, काळीज-फुप्फुसाचा जुडगा आणि मुंडी, तिघांना एकच आकडा. कागद ओला होतो म्हणून प्लास्टिकचा तुकडा चालेल. याला कोट्यवधी लागत नाहीत.

कोल्हापूरचा_खाटीक

नमस्कार. आमचा धंदा तीन पिढ्यांचा. डॉक्टरसाहेबांनी मोठ्या कत्तलखान्याचं लिहिलं ते खरं असेल, पण दुकानदाराला सरसकट दोष लागू नये म्हणून लिहितो.

माझ्याकडं आलेला बोकड मी स्वतः बाजारात पारखून घेतो. कुठल्या गावचा, कुणाचा, सगळं तोंडपाठ. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून टांगलेल्या धडाची शेपटी आम्ही ठेवतो. शेळीच्या जातीची शेपटी आखूड आणि वर वळलेली, मेंढराची वेगळी. नर आहे हे कळायची खूणही ठेवतो. जुनी गिऱ्हाइकं आधी तेच बघतात. कागदापेक्षा ही ओळख पक्की आहे, कारण ती धडाला चिकटलेलीच असते.

गौरी_देशपांडे_नाही

हे माहीत नव्हतं! आम्ही नुसतं 'ताजं आहे ना' विचारून घेतो. पण दादा, अर्धं धड विकून झालं आणि शेपटीकडचा भाग गेला की मग?

कोल्हापूरचा_खाटीक

ताई, म्हणूनच शेपटीकडचा भाग शेवटपर्यंत ठेवायची रीत आहे. खिमा करून मागितला तर मात्र समोर उभं राहून करून घ्यायचा. आधीच करून ठेवलेल्या खिम्याची खात्री मी दुसऱ्या दुकानाबद्दल देणार नाही.

लाइनवरचा_पशुवैद्य

दादांनी सांगितलं ते मला मोलाचं वाटतं. छोट्या दुकानात एका वेळी एकच बोकड समोर असतो, त्यामुळे तिथे मेळ तुटायला जागाच कमी. शेपटी जात सांगते, दुसरी खूण नर-मादी. रोग आणि गाव त्या सांगत नाहीत; गाव दादांच्या स्मरणात आहे. दादा आजारी पडले आणि मुलगा दुकानात बसला की ती माहिती थांबली.

खिम्याचा मुद्दा तर जगभरच्या मोठ्या कारखान्यांनाही लागू आहे. जपानमध्ये २००१ च्या सप्टेंबरात वेड्या गायीचा रोग पहिल्यांदा सापडला. २००३ मध्ये त्यांनी कायदा केला आणि प्रत्येक गुराला १० आकडी क्रमांक दिला. दुकानातल्या पाकिटावर तो क्रमांक छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो टाकून जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं ते पाहू शकतं. कत्तलखान्यात प्रत्येक धडाचा छोटा नमुना राखून ठेवतात, पुढे दुकानातल्या मांसाशी डीएनए जुळवून पाहतात. एवढा कडक कायदा, पण खिमा त्यातून वगळलेला आहे. अनेक जनावरं एकत्र झाली की एका क्रमांकाला अर्थ उरत नाही, हे त्यांनी सरळ मान्य केलं.

हिंजवडीकर

मी गोदामांसाठी आरएफआयडीची (रेडिओलहरींनी वाचायच्या चिपांची) कामं करतो. वाचताना पहिला विचार आला की हे सगळं यूएचएफ (जास्त वारंवारतेच्या) टॅगने सुटेल. रुळाच्या प्रत्येक हुकला टॅग, वर अँटेना, लांबून वाचन, माणसाने मोठ्याने क्रमांक वाचायची गरज नाही. अडचण काय आहे?

लाइनवरचा_पशुवैद्य

पाणी आणि लोखंड. यूएचएफच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि मांस म्हणजे बहुतांश पाणीच. वर सगळीकडे स्टील, त्यावरून परावर्तन. शेजारच्या हुकचा टॅग वाचला जाणं हे टॅग न वाचण्यापेक्षा वाईट. म्हणून कानातले बिल्ले १३४.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे खूप कमी वारंवारतेवर, चालतात. ती लहर शरीरातून जाते, पण वाचायला जवळ यावं लागतं.

हुकमध्येच चिप बसवण्याची पद्धत आहे आणि ती चालते, विशेषतः डुकरांच्या कारखान्यांत. पण चिप हुकची ओळख आहे, धडाची नाही. धड एका हुकवरून दुसऱ्यावर घेतलं की संगणकाला ते कुणीतरी सांगावं लागतं. शिवाय उपकरणं ८२ अंशांच्या पाण्यात निर्जंतुक होतात, त्यानंतर धड शीतगृहात जातं. एवढा फरक सोसणारी चिप आणि तिचं आवरण हवं. डेन्मार्कमध्ये डुकराच्या मांडीवर पुरवठादाराचा क्रमांक सुयांनी गोंदवून पाठवतात. कातडी धडावरच राहते, म्हणून खूणही राहते. मेंढी-बोकडाचं कातडं काढतात, त्यामुळे ही युक्ती आपल्याला उपयोगी नाही.

डब्लिनकर_मीना

मी आयर्लंडमध्ये राहते, म्हणून २०१३ ची आठवण लिहिते. १५ जानेवारीला इथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केलं की तपासलेल्या २७ बीफ बर्गरपैकी १० मध्ये घोड्याचा डीएनए सापडला. एकात तर मांसाच्या २९ टक्के घोडा होता. हा तो देश, जिथे प्रत्येक गुराला पासपोर्ट असतो आणि दोन्ही कानांत बिल्ले! लोकांचा संताप त्याचाच होता. मग या पासपोर्टांचा उपयोग काय, हा प्रश्न मला आजही पडतो.

लाइनवरचा_पशुवैद्य

मीनाताई, पासपोर्ट गुरांचे होते आणि ते गुराच्या धडापर्यंत बऱ्यापैकी पोचतातही. घोडा शिरला तो पुढच्या टप्प्यात. हाडं काढली, छाटण उरलं, त्याचे गोठवलेले ठोकळे झाले, ते दलालांच्या हातून देशोदेशी फिरले. तिथे धड नाही, क्रमांक नाही, फक्त खोक्यावरचा कागद. कागद बदलणं सोपं असतं.

ऑस्ट्रेलियालाही हा धडा १९८१ मध्ये मिळाला होता. अमेरिकेत गेलेल्या 'बीफ'मध्ये घोडा आणि कांगारू सापडले, त्यावर शाही चौकशी आयोग बसला.

म्हणून माझं मत ठाम आहे: हाडं काढायच्या खोलीत एक गट संपल्यावर सरकता पट्टा रिकामा केल्याशिवाय दुसरा गट आत घ्यायचा नाही. तिथे एकेका जनावराची ओळख टिकणार नाही, गटाची टिकवता येते. गट जितका लहान, तितकी पुढे काही निघाल्यास परत बोलवायची खोकी कमी. व्यवस्थापनाला पट्टा रिकामा करणं नको असतं, कारण ती मिनिटं उत्पादनातून जातात. माझे सर्वाधिक वाद याच मिनिटांवरून होतात.

निर्यात_क्यूसी

भारतातल्या म्हशीच्या मांसाच्या एका निर्यात कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होतो. (महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू बंद. मोठ्या जनावरांपैकी निर्यात देशभरातून म्हशीच्याच मांसाची होते.) आमच्याकडे धडाला क्रमांक असतो, आणि तो असावाच लागतो. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूसाठी धड २४ तास थंड ठेवायचं आणि सामू (आम्लतेचं माप) ६ च्या खाली आलेला मोजून नोंदवायचा असतो. सामू कुठल्या धडाचा हे लिहायला क्रमांक नको? मग हाडं आणि लसिकाग्रंथी काढून बॅच, खोकं, तारीख. त्यामुळे खोक्यावरून त्या दिवसाच्या धडांपर्यंत मागे जाता येतं.

धडावरून गोठ्यापर्यंत मात्र नाही. म्हशीच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला असला तरी लाइनवर तो वाचायचा, नोंदवायचा हे कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं. कातड्याबरोबर कान जायचा. लसीकरणासाठी एवढा खर्च करून लावलेला क्रमांक, आणि त्याची शेवटची नोंद होत नाही.

निवृत्त_पालिका_पशुवैद्य

नेमकं हेच. विम्याच्या दाव्यात मेलेल्या जनावराचा बिल्ला दाखवल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही, तिथे शेवटची नोंद काटेकोर होते. कत्तलखान्यात ती कुणी मागत नाही. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय सरकारी दवाखान्यातली सेवाही मिळणार नाही असं ठरलं. मग त्याच पशुसंवर्धन खात्याने कत्तलखान्याच्या दारावर दोन ओळींची वही ठेवायला काय हरकत आहे?

माणदेशी_मेंढपाळ

पण पुन्हा तेच होणार, बिल्ला नाही म्हणून आमची मेंढरं दारातून परत. व्यापारी भाव पाडणार. ज्याच्याकडं चाळीस मेंढरं आणि वर्षातले आठ महिने रानोमाळ, त्यानं प्रत्येकाचा आकडा कसा सांभाळायचा?

लाइनवरचा_पशुवैद्य

तुमचा विरोध रास्त आहे आणि सक्ती तिथून सुरू करू नये असंच मला वाटतं. ऑस्ट्रेलियानेही मेंढ्यांसाठी बहुतेक राज्यांत दीर्घकाळ गटाचीच नोंद चालवली. एका शेताच्या मेंढ्यांना शेताचा एकच सांकेतांक आणि सोबत मालकाच्या सहीचा कागद. एकेका मेंढीला इलेक्ट्रॉनिक बिल्ला देशभर सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२५ पासून, तोही त्या तारखेनंतर जन्मलेल्या पिलांपासून.

गुरांचा इतिहास तर आणखी बोलका आहे. चिप येण्याच्या कितीतरी आधी इथे शेपटीला प्लास्टिकची पट्टी गुंडाळायचे, त्यावर फक्त शेताचा सांकेतांक. १९७० पासून क्षय आणि सांसर्गिक गर्भपाताविरुद्ध देशभर मोहीम चालली. कत्तलखान्यात क्षयाची गाठ दिसली की पट्टीवरून शेत शोधायचं आणि तिथला सगळा कळप तपासायचा. सांसर्गिक गर्भपात १९८९ मध्ये गेला, गुरांचा क्षय १९९७ मध्ये.

तुमच्यासाठी म्हणून मी इतकंच मागेन: व्यापाऱ्याची गाडी भरताना वाड्याला एक आकडा, आणि कत्तलखान्यात त्या वाड्याची मेंढरं सलग कापणं. मेंढरं मिसळली नाहीत तर एकेकाला बिल्ला नसला तरी चालतं.

माणदेशी_मेंढपाळ

वाड्याला आकडा जमेल. आम्ही पाठीवर रंगाची खूण करतोच, प्रत्येक वाड्याची वेगळी. गाडीत चार वाडे मिसळले तरी उतरवताना रंगावरून वेगळी करता येतील. व्यापारी ओळखीचा आहे, त्याला सांगून बघतो.

निवृत्त_पालिका_पशुवैद्य

रंग दारापर्यंत पुरेल. कातडं उतरलं की तो गेला, म्हणून आत शिरताना रंग बघून त्या वाड्याची चिठ्ठी करायची. ती खुरापाशी बांधू नका, पाये आधीच निघतात. मागच्या पायाच्या ज्या नसेत हुक अडकवतात, तिच्या वरच्या बाजूला बांधायची. तिथून ती धड दुकानात पोचेपर्यंत हलत नाही. दुसरी तीच चिठ्ठी काळीज-फुप्फुसाच्या जुडग्याला, श्वासनळीत ओवून. माझे एक विद्यार्थी आता एका पालिकेत याच कामावर आहेत, त्यांना हा धागा आजच पाठवतो. व्यापाऱ्याची गाडी कुठल्या कत्तलखान्यात उतरते तेवढं मला व्यक्तिगत निरोपातून कळवा.